छोट्या रणगाड्यावरची धूळ

(रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या छंद प्रदर्शनाच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून पार्किंगमध्ये टेबलं मांडली आहेत. कुणाचं भरतकाम आहे, कुणाची टपाल तिकिटं, कुणाची जुनी नाणी. माझ्या टेबलावर वीतभर लांबीचा एक प्लास्टिकचा रणगाडा आहे. येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, एवढा सुंदर रंगवलात आणि मग चिखलात कशाला लोळवलात?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा आज सगळ्यांना मिळून सांगतो. सचिवांनी वीस मिनिटं दिली आहेत. बँकेतल्या माणसाला दिलेली वेळ पाळायची सवय असते, तेव्हा काळजी नसावी.

हा रणगाडा म्हणजे टी-७२. मूळ रशियन, आपल्या लष्करात त्याला 'अजेय' म्हणतात. खरा रणगाडा चाळीस टनांच्या वरचा असतो, तोफ १२५ मिलिमीटरची. माझा आहे १:३५ या प्रमाणातला. म्हणजे खऱ्यावरचे ३५ मिलिमीटर इथे एक मिलिमीटर होतात. जपानच्या तामिया कंपनीचं किट आहे. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. अंगावर वाळूचा पिवळट रंग आणि त्यावर हिरवे पट्टे. याला कॅमोफ्लाज म्हणतात. दुरून बघणाऱ्याच्या नजरेला गाडीचा आकार चटकन कळू नये, यासाठी ते पट्टे असतात.

रंगकाम पूर्ण झालं की रणगाडा दुकानातल्या खेळण्यासारखा चकचकीत दिसतो. खरी कला तिथून पुढे सुरू होते. पोळ्याच्या दिवशीचा बैल आठवा. शिंगांना रंग, अंगावर झूल, पायात तोडे. दिसतो छानच, पण तो एका दिवसाचा बैल. पेरणीतल्या बैलाच्या खुरांना चिखल असतो, मानेवर जू घासून कातडी गुळगुळीत झालेली असते. बैल काय काम करतो, हे त्या मानेवरून कळतं. रणगाड्याचंही तसंच आहे.

आता मळवायचं म्हणजे उगं काळा रंग फासायचा का? तर नाही. मी पस्तीस वर्षं नोटा हाताळल्या. खरी वापरातली नोट कशी मळते, हे कॅशियरच्या बोटांना कळतं. ती घडीवर मळते, कडांना मळते, कोपऱ्यात मऊ पडते. सगळीकडे एकसारखी मळलेली नोट आली की अनुभवी कॅशियर थबकतो आणि ती उजेडात धरून बघतो. मळ हा नेहमी कारणाने बसतो. पाणी वाहतं तिथे, हात लागतो तिथे, पाय पडतो तिथे. मॉडेलच्या प्रत्येक जागेला मी हेच तीन प्रश्न विचारतो : इथे पाणी कुठून येईल? इथे पाय पडेल का? इथे धूळ साठेल का? उत्तर मिळाल्याशिवाय ब्रश टेकवायचा नाही.

या कामाचे दोन मुख्य हात आहेत. एकाला वॉश म्हणतात, दुसऱ्याला ड्रायब्रश. दोन्ही तुमच्या घरात रोज चालतात. देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती चिंच लावून घासली की नाकावर, मुकुटावर, बोटांवर चमक येते आणि खाचांमध्ये थोडा काळेपणा राहतो. त्या काळेपणामुळेच तर डोळे, ओठ, दागिने उठून दिसतात. खाचेत गडद रंग बसवणं म्हणजे वॉश. उंचवट्यावर फिकट रंग चढवणं म्हणजे ड्रायब्रश.

आधी वॉश. मी मूळ रंग अॅक्रिलिकचे वापरतो आणि वॉशसाठी तैलरंग घेतो. कारण सरळ आहे. तैलरंग टर्पेंटाईनमध्ये विरघळतो, आणि नीट वाळलेला अॅक्रिलिक रंग टर्पेंटाईनला सहसा दाद देत नाही. त्यामुळे वरचा थर पुसता येतो आणि खालचा शाबूत राहतो. तरी मध्ये चकचकीत वार्निशचा एक हात द्यावा. खरखरीत पृष्ठभागावर वॉश डागासारखा पसरतो, गुळगुळीत पृष्ठभागावर तो आपोआप खाचेकडे धावतो. रंग म्हणाल तर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, आणि त्यात चिमूटभर काळा. कॅमलची छोटी ट्यूब वर्षभर पुरते. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर तासभर ठेवायचा. पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषून घेतो आणि मग रंग वाळल्यावर चमकत नाही.

पातळ किती करायचा? कोऱ्या चहाइतका. वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून बघा. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग बारीक ब्रशचं टोक पत्र्याच्या जोडावर किंवा बोल्टच्या बुडाशी नुसतं टेकवायचं. कंदिलाची वात तेल ओढते ना, तशी ती खाच रंग ओढून घेते. बघायला फार मजा येते, लेकरं तर टाळ्या पिटतात. अर्धा तास थांबायचं. मग स्वच्छ ब्रश टर्पेंटाईनमध्ये जेमतेम ओला करून जास्तीचा रंग वरून खाली ओढत पुसायचा. वरून खाली हे महत्त्वाचं, कारण पाऊस वरून खाली येतो.

कॅमोफ्लाज असलं की इथे एक अडचण उभी राहते. तोच तपकिरी वॉश हिरव्या पट्ट्यावर दिसतही नाही आणि पिवळट रंगावर मात्र शाई सांडल्यासारखा दिसतो. म्हणून वाळूच्या रंगावर वॉश आणखी पातळ घ्यायचा आणि त्यातला काळा वगळायचा. सगळं झाल्यावर एक अगदी पातळ, नुसत्या पाण्याला रंग लागल्यासारखा मातकट हात पूर्ण रणगाड्यावर फिरवायचा. त्याने दोन्ही रंग एकमेकांत मिसळत नाहीत, पण एकाच गावचे वाटू लागतात. आणखी एक. मूळ रंग मुद्दाम थोडे फिकटच द्यावेत, कारण वॉशने सगळं एक छटा गडद होतं आणि लहान वस्तूवर रंग तसाही गडद दिसतो.

ओघळ कसे पडतात हे शिकायला पुस्तक लागत नाही. आपल्या मागच्या इमारतीकडे बघा. खिडकीच्या छज्जाच्या दोन्ही टोकांखाली काळे ओघळ आहेत, मध्ये भिंत स्वच्छ आहे. कारण पाणी छज्जाच्या टोकाकडून उतरतं. ग्रिलच्या खिळ्याखाली तपकिरी ओघळ आहे, वर रुंद आणि खाली निमुळता. जोत्याजवळ हातभर उंचीपर्यंत काळ्या मातीचे शिंतोडे आहेत, कारण पन्हाळीचं पाणी खाली आपटून उडतं. भूकंपाच्या आठवणी ताज्या असताना आपण ही इमारत उभी केली. पंचवीस पावसाळ्यांनी तिच्यावर जे लिहिलं आहे, तेच मी रणगाड्याच्या बाजूच्या पत्र्यावर उतरवलं आहे. सचिवांनी घाबरू नये. रंगकामाच्या ठरावाला माझा विरोध नाही आणि वर्गणीही वेळेवर देईन. फक्त रंगारी येण्याआधी लेकरांना त्या भिंतीचे फोटो काढू द्या.

आता ड्रायब्रश. बँकेत निरक्षर खातेदाराचा अंगठा घ्यायचो तेव्हा नवा शिपाई पॅडवर अंगठा दाबून धरायचा आणि कागदावर नुसता काळा डाग उठायचा. जुना शिपाई शाई जेमतेम लावायचा, त्यामुळे अंगठ्याची रेष न् रेष उठायची. शाई कमी असली की ती फक्त उंच रेषांवर राहते. ड्रायब्रश म्हणजे हेच. जुना, आखूड, चपटा ब्रश घ्यायचा. नवा घेऊ नका, या कामात ब्रशचे केस झिजतात. मूळ रंगापेक्षा फिकट रंगात टोक बुडवायचं आणि कागदावर पुसत राहायचं. ब्रशमध्ये आता काही उरलं नाही असं वाटलं की समजा तयार झाला. स्वतःच्या अंगठ्यावर फिरवून बघा. फक्त रेषा उठल्या, डाग पडला नाही, की रणगाड्यावर चालवा. हलक्या हाताने बोल्ट, झाकणाच्या कडा, चाकांच्या कडा, बिजागऱ्या यांवरून ब्रश जाऊ द्यायचा. रंग आपोआप उंचवट्यांवर बसतो.

कॅमोफ्लाजवर कोणता रंग घ्यायचा, असं कुणीतरी विचारेलच. पांढरा घेऊ नका. पांढऱ्याने रणगाड्यावर पिठाची गिरणी उडाल्यासारखं दिसतं. हिरव्यावर फिकट हिरवा आणि पिवळ्यावर फिकट पिवळा, असं वेगवेगळं करता येतं, पण पट्ट्यांच्या सीमेवर घोटाळा होतो. मी दोन्हींवर एकच बदामी खाकी वापरतो. वाळवंटातली धूळ हिरवा पट्टा आणि पिवळा पट्टा असा भेद करत नाही.

इथे ज्येष्ठ मंडळींसाठी एक गोष्ट सांगतो. सत्तरीनंतर हात थोडा थरथरतो. सरळ रेघ ओढायची म्हटलं की धडकी भरते. ड्रायब्रशमध्ये रेघ ओढायचीच नसते. हात थोडा हलला तरी काम बिघडत नाही. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र दोनदा वाचून दिवस सरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. या टेबलाशी बसलं की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही.

शेवटी धूळ, चिखल आणि काजळी. वॉश आणि ड्रायब्रश वाळले की मॅट वार्निशचा हात, मग खडूची किंवा पेस्टलची पूड. टी-७२ चं धुराडं डाव्या बाजूला मागे असतं, तिथे काजळी. इंधनाच्या झाकणाभोवती थोडा तेलकट डाग. पट्ट्याचा जो भाग जमिनीला घासतो तो उघडा, चमकता पोलाद असतो, म्हणून तिथे शिसपेन्सिलीचं शिसं बोटाने चोळायचं. गंज मात्र जपून. वापरातल्या रणगाड्याची देखभाल रोज होते. चाकांना चिखल असेल, पण चिलखत गंजून सुटलेलं नसतं. चिखल आजचा, उडालेला रंग वर्षाचा आणि गंज त्याहून जुना. पासबुकात नोंदी तारखेप्रमाणे असतात, तसे हे थरही तारखेप्रमाणेच चढले पाहिजेत. आधी गंज, मग झीज, सर्वांत वर धूळ.

आणि धूळ कुठली, हेही ठरलेलं असावं. यासाठी आपल्याच भागातलं उदाहरण देतो. १३ सप्टेंबर १९४८ ला ऑपरेशन पोलो सुरू झालं. मेजर जनरल चौधरी यांचं चिलखती दल सोलापूरकडून निघालं. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, नळदुर्ग घेतलं, जळकोट घेतलं आणि त्याच दिवशी फौज उमरग्याला पोचली. आपल्या लोहाऱ्याच्या दक्षिणेला जो हैदराबाद रस्ता आहे, तोच हा. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो तो त्याचाच. त्या काळी आपल्या चिलखती दलाकडे शेरमन आणि स्टुअर्ट हे रणगाडे होते. समजा एखाद्या मुलाला त्या रस्त्यावरचा रणगाडा करायचा आहे. त्याने राजस्थानची पिवळी धूळ टाकली तर चालेल का? सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे पावसाळा. पट्ट्यांमध्ये आपली काळी माती, चिकट, गोळे धरणारी. ती वाळली की राखाडी दिसते, ओली असली की काळीभोर. म्हणून चाकांच्या खालच्या बाजूला काळा ओला चिखल आणि वर राखाडी वाळलेला. मुलांनी शेतातली माती तव्यावर भाजून, मलमलच्या फडक्यातून गाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून पाहिली आहे. गाळणं भाग आहे, कारण १:३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. पण ती माती लावण्यासाठी मुलांना १९४८ वाचावं लागलं. शाळेत तो अर्ध्या पानाचा धडा असतो.

काळजीच्या दोन गोष्टी पालकांसाठी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ड्यूको रंगाचा थिनर मॉडेलवर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. टर्पेंटाईनचं काम खिडक्या उघड्या ठेवून, गॅसपासून लांब आणि मोठं माणूस जवळ असतानाच करावं. तैलरंगाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. तशा बोळ्यात उष्णता साठून आग लागू शकते. फडकी मोकळी पसरून वाळू द्यावीत.

आता थोडं वेगळं सांगतो. दर रविवारी माझ्याकडे चार-पाच मुलं येतात. मध्यंतरी त्यातल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, यात माणसं कुठे बसतात?" मी तिला दाखवलं. चालक पुढे, वरच्या बुरुजात डावीकडे तोफ चालवणारा, उजवीकडे कमांडर. तीन माणसं. ती म्हणाली, "मग झाकणाजवळचा रंग घासलेला हवा, ते रोज चढतात ना." मी इतकी वर्षं हे काम करतो, पण इतक्या थोडक्यात मला ते सांगता आलं नसतं.

नोकरीत नगर जिल्ह्यात होतो तेव्हा तिथलं रणगाडा संग्रहालय पाहिलं. १९९४ साली सुरू झालेलं, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं. व्हॅलेंटाइन, चर्चिल, माटिल्डा, शेरमन, आपला विजयंता आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन, सगळे रांगेत उभे आहेत. त्याच आर्मर्ड कोअर सेंटरकडे 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये दाखल झाले आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागलेली असतानाही लढत राहिले. तिथेच गेले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. वय २१.

ते माझ्याच वयाचे होते. मी बी.कॉम. करून नोकरीच्या परीक्षांचे फॉर्म भरत होतो तेव्हाचं हे. मला पुढे पेन्शन मिळाली, नातवंडं झाली, आज तुमच्यासमोर उभं राहून छंदावर बोलता येतंय. त्यांना बाविसावं वर्षही पाहता आलं नाही.

म्हणून माझ्या टेबलावर एक नियम आहे. गंमत म्हणून जळका रणगाडा करायचा नाही, शोभेसाठी गोळ्यांची भोकं पाडायची नाहीत. धूळ लावू, चिखल लावू, झाकणाजवळ बुटांनी घासलेला रंग दाखवू, कारण ती आत बसणाऱ्या माणसांची खूण आहे. चकचकीत रणगाडा हातात आला की मूल तोंडाने 'ढिशुम' म्हणतं. मळलेला हातात आला की तेच मूल विचारतं, हा कुठून आला, यात कोण होतं? मी अनेकदा पाहिलं आहे. एवढ्यासाठी मी तो मळवतो. सकाळपासूनच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे.

ज्यांना शिकायचं असेल त्यांनी रविवारी दुपारी चार ते सहा माझ्याकडे यावं. मुलांनी तर यावंच, पण निवृत्त मंडळींनीही यावं. किट स्वस्त नाही, हे खरं. सुरुवातीला किटही लागत नाही. घरात पडलेली खेळण्यातली गाडी, एक तपकिरी ट्यूब, एक झिजलेला ब्रश आणि जुनं वर्तमानपत्र पुरे. चहा आमच्याकडे मिळेल, पण तो प्यायचा आहे, त्यात ब्रश बुडवायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

 सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला आज सतरंजीवर बसलेली लेकरं इथे उभी राहून बोलोत, ही सदिच्छा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.